गेमच्या कव्हरमधल्या या चुका टाळा: चित्र सुंदर आहे, मग क्लिक का येत नाहीत?

गेमवर दोन-तीन वर्षं घाम गाळलेला असतो आणि कव्हर मात्र स्टोअर पेज भरायच्या आदल्या रात्री तयार होतं. ट्रेलरमधली बरी फ्रेम उचलायची, वर नाव टाकायचं, अपलोड करायचं. काही जण चित्रकाराला पैसे देऊन नीट करून घेतात, तरी कोणी क्लिक करत नाही. अशी बरीच पेजेस मी पाहिली आहेत आणि दुखणं बहुतेकदा एकच निघतं. कव्हर मोठ्या मॉनिटरवर, पूर्ण आकारात बघून पसंत केलेलं असतं. खेळणाऱ्याला ते तसं दिसतच नाही.

संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमचंच घ्या. तिथे कव्हरच्या चित्राला कॅप्सूल म्हणतात. छोट्या कॅप्सूलसाठी आपण ४६२ × १७४ पिक्सेलची फाइल देतो (आधी हा आकार २३१ × ८७ होता). पण यादीत काही ठिकाणी तीच प्रतिमा आपोआप १२० × ४५ इतकी लहान होऊन दिसते. म्हणजे बोटाच्या पेराएवढी पट्टी, तीही इतर वीस पट्ट्यांच्या रांगेत. निर्णय तिथे होतो, म्हणून कव्हरचं काम तिथूनच सुरू व्हायला हवं.

सगळं काही एकाच चित्रात कोंबणं

ही चूक मी स्वतः केली आहे. गेम होता दीपगृहाच्या राखणदाराचा. कव्हरवर वादळी समुद्र, खडक, कलंडलेलं जहाज, पक्ष्यांचा थवा आणि मधोमध कंदील घेतलेला राखणदार. नाव बारीक, हस्ताक्षरासारख्या अक्षरांत. मोठ्या आकारात ते चित्र खरंच देखणं होतं. १२० पिक्सेलला आणल्यावर उरला एक निळा-करडा डाग आणि त्यात एक पिवळा ठिपका. त्यात स्टीमच्या पानाची पार्श्वभूमीही गडद निळसर, त्यामुळे चित्राच्या कडाच विरघळल्या. चित्र कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं, तेच कळेना.

दुरुस्ती करताना पक्षी काढले, जहाज काढलं. उरला फक्त कंदील धरलेला हात आणि उजेडात आलेला अर्धा चेहरा. रात्रीच्या जागी पेटलेल्या संध्याकाळचा नारिंगी रंग आला. अक्षरं जाड केली. छोट्या कॅप्सूलवर तर राखणदारही ठेवला नाही, फक्त नाव आणि कंदील. जहाज रंगवायला चित्रकाराचे चार दिवस गेले होते, त्याला वाईट वाटणं साहजिक होतं. पण ते वायाही गेलं नाही. लायब्ररीतल्या, म्हणजे खेळाडूने घेतलेल्या गेमच्या संग्रहातल्या, मोठ्या पट्टीला ३८४० × १२४० पिक्सेलचं चित्र लागतं आणि त्यावर नाव लिहायला परवानगी नसते. जहाजाला तिथे ऐसपैस जागा मिळाली.

तुमच्या कव्हरवर एकच गोष्ट ठेवायची झाली तर कोणती ठेवाल? याचं उत्तर चटकन देता येत नसेल, तर रंगवायला बसू नका.

एकच फाइल कापून सगळीकडे वापरणं

स्टीमच्या हेडर कॅप्सूलचा आकार ९२० × ४३०, मुख्य कॅप्सूलचा १२३२ × ७०६, उभ्या कॅप्सूलचा ७४८ × ८९६ आणि लायब्ररीतल्या उभ्या कव्हरचा ६०० × ९००. यातली दोन आडवी, दोन उभी आणि प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. एक आडवं चित्र घेऊन बाकीची कापून काढली की कुठे नायकाचं डोकं उडतं, तर कुठे नाव एका कोपऱ्यात चिरडतं. चित्रकाराशी बोलतानाच सांगा की लोगो, पात्र, पुढचं दृश्य आणि मागचं दृश्य वेगवेगळ्या लेअरवर (थरांवर) हवं, आणि लेअरसकट मूळ फाइल तुमच्याकडे आली पाहिजे. व्यावसायिक वापराचा हक्क लेखी घ्या, लोगोच्या फॉन्टचा परवानाही तपासा. हे नंतर मागायला गेलं की संबंध बिघडतात.

कोपऱ्यांत महत्त्वाचं काही ठेवू नका. गेम विशलिस्टमध्ये (पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत) किंवा लायब्ररीत असल्याची पट्टी स्टोअर तिथे स्वतःच चिकटवतं.

वाचता न येणारं नाव

छोट्या कॅप्सूलवर नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापली पाहिजे. मोठ्या कव्हरवरचा लोगो नुसता आक्रसून तिथे बसवू नका, त्याची वेगळी आवृत्ती करा: अक्षरं जाड, नक्षी कमी, उपशीर्षक गाळलेलं. लांब नाव दोन ओळींत तोडा.

मग चित्र कृष्णधवल करून बघा. रंग काढल्यावर अक्षरं पार्श्वभूमीत बुडत असतील, तर फरक फक्त रंगाचा होता, उजेड-अंधाराचा नव्हता. लाल-हिरव्यातला भेद ज्यांना नीट दिसत नाही, त्यांना ते नाव वाचायला कठीण जाऊ शकतं. वेबच्या सुलभतेच्या निकषांत मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) सांगितला आहे. कव्हरसाठी मी तो अगदी तळ मानतो. काठाला जाड गडद रेघ किंवा अक्षरांमागे शांत, सपाट जागा, एवढ्यानेही पुष्कळ काम होतं.

चित्र एका गेमचं, गेम दुसराच

मला सगळ्यात जास्त खुपते ती ही चूक, कारण हिच्यात क्लिक येतात आणि तरी नुकसान होतं. शांतपणे शेती करण्याच्या गेमवर रक्ताळलेली, तडे गेलेली अक्षरं टाकली, तर भयपटाची आवड असलेले लोक येतात. त्यांना हवं ते मिळत नाही, आणि ज्यांना हा गेम आवडला असता ते केव्हाच पुढे सरकलेले असतात. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. फसल्यासारखं वाटलेला खेळाडू ते मागतो आणि जाताना वाईट अभिप्रायही लिहून जातो.

पिक्सेल आर्टच्या (ठळक चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांच्या) गेमला रंगवलेलं कव्हर चालतं. शैली वेगळी असली तरी हरकत नाही, गेमचा स्वभाव तोच दिसला पाहिजे. हे तपासायला तुमच्याच प्रकारच्या गेमच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, मधल्या एका जागी तुमचं कव्हर चिकटवा आणि गेम न पाहिलेल्या माणसाला क्षणभर दाखवा. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, लोक छानच म्हणतात. ‘यात काय करायचं असेल? नाव काय वाचलंस?’ असं विचारा.

नियमात न बसणाऱ्या गोष्टी

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक चालतं. समीक्षेचे तारे, पुरस्कारांची चिन्हं, सवलतीची जाहिरात चालत नाही. मोठ्या अपडेटची घोषणा करायची असेल तर मुदत घालून तात्पुरतं वेगळं चित्र लावायची सोय आहे, ती वापरा. एआयने तयार केलेलं चित्र वापरलं असेल तर जानेवारी २०२४ पासून ते जाहीर करावं लागतं.

गूगल प्लेवर आयकॉन ५१२ × ५१२ चा, पूर्ण चौकोनी द्यायचा. कोपरे ते स्वतः गोल करतात, तुम्ही आधीच गोल केले तर कडेला विचित्र फट दिसते. १०२४ × ५०० च्या फीचर ग्राफिकच्या, म्हणजे मोठ्या आडव्या चित्राच्या, मधोमध नाव ठेवू नका, व्हिडिओ जोडलेला असेल तर तो चालवायचं बटण नेमकं त्यावर बसतं. इच.आयओ या गेमच्या साइटवर ६३० × ५०० चं कव्हर द्या.

दोष कव्हरचाच आहे ना?

कव्हर बदलण्याआधी आकडे बघा. स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या विभागात, गेम किती वेळा लोकांच्या नजरेसमोर आला आणि त्यातून पेजला किती भेटी मिळाल्या, हे वेगवेगळं दिसतं. नजरेसमोर भरपूर येतोय पण भेटी नाहीत, तर कव्हरवर काम करा. भेटी आहेत पण विशलिस्ट वाढत नाही, तर ट्रेलर, स्क्रीनशॉट आणि वर्णनाकडे वळा, कव्हरने त्याचं काम केलेलं आहे. मुळात फारसा कुणाच्या नजरेसमोरच येत नसेल, तर आधी टॅग (गेमचा प्रकार सांगणारे शब्द) तपासा.

तुलना करताना सर्चमधून आलेल्या भेटी सर्चशीच ताडून बघा. पहिल्या पानावर झळकलेल्या दिवसाचे आकडे त्यात मिसळले की सगळंच फसवं दिसतं. कव्हर आणि ट्रेलर एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. बदलाची तारीख लिहून ठेवा, दोन-तीन आठवडे हात लावू नका आणि जुनी फाइल जपून ठेवा. स्टीमवर ‘लवकरच येत आहे’ हे पेज रिलीजच्या आधी किमान दोन आठवडे दिसावं लागतं. ते त्याहून बरंच आधी टाकलंत, तर कव्हर एकदा चुकून पुन्हा करायलाही वेळ हाताशी राहतो.