दोन लाख किलोमीटरच्या जवळ आलेली स्कॉर्पिओ घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे

जुनी स्कॉर्पिओ पाहायला जाणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो रनिंगचा. मीटरवर 1,80,000 दिसले की तो एक तर दारातूनच परत फिरतो, नाही तर किंमत उतरलेली आहे म्हणून लगेच विसार देऊन मोकळा होतो. माझ्या मते दोन्ही निर्णय घाईचे आहेत. 2.2 लिटरच्या एमहॉक डिझेल इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलले असेल, तर दोन लाखांपुढेही ते न उघडता चालते. हेळसांड झालेले तेच इंजिन मात्र त्याच्या निम्म्यातही काम काढू शकते. म्हणून मीटरच्या आकड्याला कागदांचा आधार आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

मीटर मागे फिरवण्याचे प्रकार अजूनही होतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवसाचे किलोमीटर गाडीच्या क्रमांकावर नोंदलेले असतात, तेव्हा मालकाला सोबत नेऊन ती यादी काढून घ्यावी. मी एकदा 2015 ची एक गाडी पाहिली होती. मीटर 82,000 दाखवत होते, पॉलिशने गाडी झळकत होती. पण क्लचच्या पेडलवरचे रबर एका कोपऱ्यात इतके झिजले होते की खालचे लोखंड चकाकत होते, आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड बसून तिची शिवण उसवली होती. नोंदी काढल्या, तेव्हा तीन वर्षांपूर्वीच 1,46,000 किलोमीटर झालेले निघाले. गाडी कदाचित चांगलीही असेल, पण आकड्यात खोटे बोलणाऱ्याच्या बाकीच्या उत्तरांवर विसंबणे मला जमणार नव्हते. उलट 2,10,000 खरे दाखवणारी आणि प्रत्येक बिल फाइलला लावलेली गाडी मी निश्चिंत मनाने पाहीन.

गाडी पाहायला सकाळीच जावे आणि आपण पोहोचेपर्यंत ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला, तर सकाळी सुरू व्हायला गाडी त्रास देते का, हे कळण्याची संधी आपल्या हातून गेली असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. इंजिन थंड असतानाच कूलंटची टाकी उघडून आत तेलाचा तवंग किंवा तपकिरी साका आहे का, ते पाहावे. गरम इंजिनावर ते झाकण कधीही उघडू नये, कारण उकळते पाणी अंगावर उडते. मग गाडी सुरू करून सायलेन्सरमागे उभे राहावे. सुरुवातीचा थोडा पांढुरका धूर थांबला तर चिंता नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि रेस दिल्यावर काळ्या धुराचा लोट निघत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे संशयाने पाहावे लागते. इंजिन तापल्यावर, ते चालू असतानाच, ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तसेच वर ठेवावे: ते हलके थरथरणे साहजिक आहे, पण तिथून धुराचे झोत दाबाने बाहेर पडत असतील, तर रिंग-पिस्टनचे काम जवळ आले आहे. असे इंजिन, किंमत कितीही कमी केली तरी, सामान्य खरेदीदाराने घेऊ नये.

चक्कर मारायची ती चढावर मारावी. पुणेकरांना दिवे घाट जवळ आहे. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडी वेग घेत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे. क्लच, सस्पेन्शनचे बुश, टायर, बॅटरी हे सारे झिजणारे सामान आहे. त्यासाठी गाडी नाकारू नये, खर्चाचा अंदाज मेकॅनिककडून घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी. टायरच्या कडेवरचे चार अंक जरूर वाचावेत: 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर, मग त्याची नक्षी कितीही शिल्लक दिसो.

चासीला मात्र वजाबाकीचा हिशेब लागू पडत नाही. स्कॉर्पिओची बॉडी वेगळ्या चासीवर बसवलेली असते, म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन दोन्ही पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत टॉर्चने पाहाव्यात. वेल्डिंगचे जोड, मुरड किंवा पापुद्रे सुटणारा गंज दिसला, तर तिथेच थांबावे. समुद्रकाठी राहिलेल्या गाडीत हा गंज विशेष शोधावा लागतो. पुराची शंकाही घ्यावी. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 मध्ये चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीट कव्हर आणि मॅट बदलता येतात, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहण्याची आठवण फार थोड्यांना राहते. आत गुंडाळलेल्या पट्टीवर मातकट रेघ दिसली, तर वायरिंग पुढे वर्षानुवर्षे छळणार हे गृहीत धरावे.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. थकलेले चलान परिवहनच्या संकेतस्थळावर पाहता येतात. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मालकालाच मागवायला सांगावी, आणि त्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे हिशेबात धरावे. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशापासून तिथे 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले; पण ती महाराष्ट्रात आणायची तर एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी हे सारे करावे लागते. 2014 ची गाडी घेताना 2029 मध्ये तिला 15 वर्षे होतील, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी व पर्यावरण कर यांना सामोरे जावे लागेल, हेही ध्यानात ठेवावे.

एवढे जुळले, तरी शेवटचा हिशेब आपल्या गरजेचा असतो. महिन्याला दीड हजार किलोमीटर, कच्चे रस्ते, सात माणसे असा वापर असेल, तर अशी गाडी पैसे वसूल करून देते. रोज आठ किलोमीटरवरचे ऑफिस गाठायचे असेल, तर मी हा सल्ला देणार नाही. आणि हाताशी सहा लाख असतील, तर पाच लाखांचीच गाडी शोधावी. पहिल्या वर्षीची कामे उरलेल्या लाखातून निघतात.

व्यवहार झाला की चावी घेतल्याची तारीख आणि वेळ, अगदी मिनिटासह, दोघांच्या सह्यांनिशी कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे त्याच दिवशी पडलेले एखादे चलान कोणी भरायचे यावर वाद होत नाही.