१७९१ ची बँकेची फाइल कशी वाचावी

अमेरिकेच्या घटनेनुसार संघराज्याला राष्ट्रीय बँक काढता येते का, यावरचा हॅमिल्टन विरुद्ध जेफरसन हा विषय बहुतेक जण निष्कर्षापासून सुरू करतात. एकाला बळकट केंद्र हवं होतं, दुसऱ्याला राज्यांचे हक्क. परीक्षेत दोन गुण मिळतात, कळत मात्र काही नाही. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो, त्यामुळे माझी पद्धत सरळ आहे: हा वाद फाइल म्हणून वाचायचा. कोणी, कधी, कोणाची टिपणी समोर ठेवून लिहिलं, ते आधी बघायचं.

म्हणून पहिल्यांदा तारखा मांडा. फेब्रुवारी १७९१, राजधानी फिलाडेल्फिया. राष्ट्रीय बँकेचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३९ विरुद्ध २० मतांनी मंजूर होऊन राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनकडे आलं. विरोधातली जवळजवळ सगळी मतं दक्षिणेकडची, हेही समासात लिहून ठेवा. राष्ट्राध्यक्षाला रविवार सोडून दहा दिवस मिळतात. त्यात सही तरी करायची, नाहीतर कारणं देऊन विधेयक परत पाठवायचं.

वॉशिंग्टनने ॲटर्नी जनरल रँडॉल्फ आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचे अभिप्राय घेतले. दोन्ही प्रतिकूल. मग ते दोन्ही कागद त्याने अर्थमंत्री हॅमिल्टनकडे धाडले. म्हणजे हॅमिल्टनने २३ फेब्रुवारीचा अभिप्राय विरोधकांचे मुद्दे समोर ठेवून लिहिला. जेफरसनने आपला १५ तारखेलाच देऊन टाकला होता, उत्तराची संधी त्याला नव्हती. दोघांची तुलना करताना एवढं ध्यानात असू द्या. दरम्यान वॉशिंग्टनने प्रतिनिधिगृहात विधेयकाला विरोध करणाऱ्या मॅडिसनकडून नकाराचा मसुदाही तयार करून घेतला. मुरलेला साहेब! २५ तारखेला त्याने सही केली.

आता जेफरसनचा कागद. सुरुवातीला बँकेमुळे राज्यांचे कोणकोणते कायदे बाजूला पडतील याची यादी आहे, ती नुसती चाळली तरी चालेल. खरा मुद्दा त्यानंतर येतो: जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. इथे तो घटनेची ‘बारावी दुरुस्ती’ म्हणतो आणि नवखा वाचक हमखास फसतो. तेव्हा बारा दुरुस्त्या प्रस्तावित होत्या. आपण जिला दहावी म्हणतो तीच ही, आणि ती डिसेंबर १७९१ मध्ये लागू झाली. आपल्या राज्यघटनेत उरलेले अधिकार कलम २४८ नुसार केंद्राकडे जातात, तिथे नेमकं उलटं आहे. तो चष्मा काढून वाचा.

शेवटचा परिच्छेद मुळीच सोडू नका. इतका विरोध करून जेफरसन लिहितो की, राष्ट्राध्यक्षाच्या मनात दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या असतील तर विधिमंडळाचा मान राखावा. म्हणजे सहीला वाट ठेवलीच.

हॅमिल्टनचा अभिप्राय बराच लांब आहे. वेळ कमी असेल तर दीपगृहांचा मुद्दा शोधा. व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारातून संघराज्याने दीपगृहांचा कायदा आधीच केला होता. ज्याच्यावाचून अडेल तेवढंच करायचं, असा जेफरसनचा नियम लावला तर तो कायदाही टिकणार नाही. साधन आणि उद्दिष्ट यांचा उघड संबंध असला, घटनेने मनाई केलेली नसली, की पुरे, हे त्याचं म्हणणं. मला ते पटतं, पण मग थांबायचं कुठे, हे त्याच्या कागदावरून नीट उमगत नाही.

प्रत्येक मतापुढे साल टाका. मॅडिसनने १७९१ मध्ये बँकेला विरोध केला आणि १८१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर सही केली. जेफरसनने १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून दीड कोटी डॉलरना लुइझियाना हा प्रदेश विकत घेतला, तसा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नसताना. त्यासाठी घटनादुरुस्तीचा मसुदाही लिहिला होता, तो तसाच राहिला. ढोंगी म्हणायची घाई नको, त्या वर्षी माणूस कोणत्या खुर्चीत होता ते पाहा.

मॅक्युलॉक विरुद्ध मेरिलँड हा सर्वोच्च न्यायालयाचा बँकेबद्दलचा १८१९ चा निकाल शेवटी घ्या. सरन्यायाधीश मार्शलने हॅमिल्टनची बाजू उचलली, हे तोवर तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही. लगेच राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा १८३२ चा नकार वाचा: न्यायालयाचा निकाल हाती असूनही त्याने बँकेची मुदत वाढवायला नाही म्हटलं.