हॉटेल मॅनेजमेंटचं ट्रेनिंग क्लबात करायचंय? मग आधी हे वाचा

ट्रेनिंगचं सेमिस्टर आलं की अख्खा वर्ग फाइव्ह स्टारच्या मागे धावतो आणि जिमखाना-क्लबांकडे कुणी बघत पण नाही. माझं मत विचाराल तर किचन आणि सर्व्हिस शिकायला क्लब भारी, कारण माणसं कमी असतात आणि ट्रेनीच्या हातात खरं काम लवकर येतं.

क्लबवाले जाहिरात फारशी देत नाहीत. मुंबईत सीसीआय (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया), खार जिमखाना, पुण्यात पूना क्लब, जिथं जायचंय तिथं कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र पाठवा, सेक्रेटरी किंवा एफ अँड बी (फूड अँड बेव्हरेज, म्हणजे खाणंपिणं) मॅनेजरला, तारखा आणि कुठल्या डिपार्टमेंटला किती आठवडे ते त्यातच लिहा. ओळखीचा कुणी मेंबर असेल तर एक फोन करायला सांगा, लाजू नका. हो म्हणायच्या आधी एक बघा, कॉलेजला चारही डिपार्टमेंट लागत असतील तर त्या क्लबात राहायच्या रूम्स आहेत का, नाहीतर हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस करणार कुठं? स्टायपेंड, ड्युटी मील, वीकली ऑफ मेलवर लिहून घ्या, आणि डिसेंबरात लॉनवरची लग्नं न् न्यू इयर पार्ट्या असतात तेव्हा शेवटची लोकल चुकली तर झोपायची सोय काय ते पण विचारा.

आता मुख्य फरक. हॉटेलात गेस्ट जेवला की गेला, क्लबात तोच मेंबर रोज त्याच टेबलावर बसतो आणि आपल्याला काय लागतं हे सांगायची त्याला सवयच नसते, म्हणून खिशात छोटी वही ठेवा, नाव, मेंबर नंबर, सोडा गार की साधा, सगळं लिहा. केओटीवर (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) मेंबर नंबर आधी, पदार्थ नंतर. कॅश बऱ्याच ठिकाणी चालतच नाही, टिपसुद्धा, कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, पहिल्याच दिवशी विचारून घ्या. फोटो टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत.

बारवर असाल तर हार्ड लिकरला महाराष्ट्रात वय 25 लागतं, बिअरला 21. मेंबरचा पोरगा अडून बसला तर वाद घालू नका, कॅप्टनला बोलवा.

किचनचा मेनू जुनाट वाटेल पण त्याला हसू नका. मुंबईच्या विलिंग्डन क्लबचं एग्ज केजरीवाल (चीज टोस्टवर अंडं) एका मेंबरच्याच नावाचं आहे, आणि चिकन मंचुरियन शेफ नेल्सन वँग यांनी 1975 मध्ये सीसीआयमध्ये पहिल्यांदा केलं असं सांगतात. टोस्टवरचं चीज जरा कमी पडलं तरी तक्रार थेट कॅटरिंग कमिटीकडे जाते, कारण इथं मेंबर गेस्ट पण आणि मालक पण, त्याचीच माणसं निवडून कमिटीवर बसलेली. दर हॉटेलपेक्षा बरेच कमी ठेवावे लागतात, मग तेवढ्यात फूड कॉस्ट कशी बसवतात ते शेफच्या मागे लागून कॉस्टिंग शीटवर समजून घ्या. माझ्या मते क्लबात शिकण्यासारखं सगळ्यात मोठं हेच आहे आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

मुलींनी एक लक्षात ठेवा, लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ट्रेनी पण येतात, तक्रार समितीत कोण आहे ते जॉइन होतानाच विचारून घ्या.

लॉगबुकवर सही दर आठवड्याला घ्या. अप्रेझल फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवलात तर मॅनेजर नेमका कमिटी मीटिंगला बसलेला असणार.