बार्बाडोसची गुहा बघायला उतरताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात आमच्या ग्रुपवर कुणीतरी कॅरिबियन क्रूझ करून येतं आणि हॅरिसन्स केव्हचे फोटो टाकतं. सगळे धुरकट. खाली ठरलेलं वाक्य: "आत फारच अंधार होता हो." अंधार कसला? १९८१ पासून लोकांना दाखवतायत, आत दिवे आहेत. तुमच्या लेन्सवर वाफ धरली होती.

केबिन गार, बस गार. गुहेत मात्र २७ अंशांच्या आसपास आणि हवा दमट. गार काच तिथे नेली की फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्यासारखी घामेजते. पहिल्या खेपेला मीही हेच केलं. गुहा ट्राममधून फिरवून दाखवतात. मोठ्या दालनात ती थांबली, मी शर्टाच्या टोकाने लेन्स पुसतोय, पुन्हा धुकं, पुन्हा पुसतोय. तेवढ्यात ट्राम हलली. घरी येऊन पाहिलं तर एकाच ढगाचे अकरा फोटो! आता जहाजावरून उतरतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करतो, बसमध्ये एसीच्या झोतापासून लांब ठेवतो आणि गुहेबाहेरच्या रांगेत पिशवीसकट तापू देतो. फोन पँटच्या खिशात ठेवा, अंगाची ऊब पुरते. आणि ते स्वेटर जहाजावरच राहू द्या.

दुसरी चूक वेळेची. आमचं जहाज मायामीहून निघालेलं, घड्याळंही मायामीचीच ठेवलेली. हिवाळ्यात बार्बाडोस तासभर पुढे असतं. भावोजींनी पैसे वाचवायला जहाजाची सहल न घेता परस्पर ट्रामची तिकिटं काढली, दहाची. रोमिंगचं बिल नको म्हणून सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. साडेनऊला ऐटीत पोचलो. खिडकीतल्या बाईंनी काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. साडेदहा! दुपारच्या ट्रामची वाट बघत बाकावर चिवडा संपवला. भावोजी अजून म्हणतात, घड्याळ बरोबरच होतं. हल्ली मी तिकिटावर पेनने जहाजाची वेळही लिहितो. आणि परत यायला उशीर झाला तर जहाज आपल्याच सहलीसाठी थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. वाचवलेल्या डॉलरांचा हिशेब तेव्हा करा.

लवणस्तंभांना हात लावू नका. बोटांचं तेल बसलं की तिथे चुना धरत नाही.

लष्करी ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालू नका, लहान मुलांनाही नाही. बार्बाडोसमध्ये तो गुन्हा आहे.

वरून पाणी ठिबकतं म्हणून कुरकुरू नका. आपल्याकडे बेसॉल्ट, म्हणून गुहा म्हटलं की आपल्याला कोरलेली कोरडी लेणी आठवतात. इथे प्रवाळाचा चुनखडक पाण्याने विरघळत गेला आणि ते काम अजून चालूच आहे. टोपी घाला.

त्याच दुपारी केन्सिंग्टन ओव्हल, समुद्रकिनारा आणि खरेदीही उरकायची ही आपल्या लोकांची खास हौस. मोह मलाही झाला. १९७१ मध्ये गावसकरांनी नाबाद ११७ केल्या ते हे मैदान. वाहतुकीत अडकलो, फाटकाशी टॅक्सी दोन मिनिटं थांबवली, गजांतून आत डोकावलो, आणि टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.