नवीन नोकरीसाठी शहर बदलताय? मग राहायचा एरिया असा ठरवा

नोकरीपायी मी आत्तापर्यंत चारदा शहर बदललंय आणि त्यातल्या पहिल्या दोनदा एरिया निवडताना सपशेल माती खाल्ली, म्हणून हे लिहायला बसलेय. दुसऱ्या वेळी तर घर इतकं आवडलं होतं की विचारू नका, मोठ्या खिडक्या, मागे शांत गल्ली, रविवारी दुपारी बघायला गेले तर गल्लीत चिटपाखरू नाही. लगेच डिपॉझिट दिलं, सामान लावलं, आणि सोमवारी पहाटे साडेचारला खिडकीखाली पीप पीप पीप. ती गल्ली म्हणजे एका मोठ्या दुकानाची माल उतरवायची जागा होती, आणि रिव्हर्स घेणारे ट्रक रविवार सोडून रोज पहाटे यायचे. ऍग्रीमेंट वर्षाचं, मधेच सोडलं तर डिपॉझिटवर पाणी. वर्षभर कानात बोळे घालून झोपले.

चूक साधी होती, घर बघितलं सुट्टीच्या दिवशी आणि राहायचं होतं कामाच्या दिवशी. आता मी एरिया फायनल करायच्या आधी तिथून कामाच्या दिवसाची एक पूर्ण रिहर्सल करते, ती कशी करायची ते पुढे सांगतेच, पण त्याआधी लिस्ट छोटी करायला लागते.

सगळ्यात पहिलं काम एचआरला फोन. ऑफर लेटरवरचा पत्ता म्हणजे तुम्ही बसणार ती जागा असेलच असं नाही, बऱ्याचदा तो कंपनीच्या नोंदणीचा पत्ता असतो आणि तुमची टीम शहराच्या दुसऱ्या टोकाला बसते. त्यामुळे नेमकी बिल्डिंग विचारा, शिफ्ट किती ते किती, आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल, आणि वर्षभरात ऑफिस हलवायचा काही प्लॅन आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण नवीन घरात स्थिरस्थावर व्हावं आणि तीन महिन्यांत ऑफिस वीस किलोमीटर लांब जावं यापेक्षा आधी थोडं ओशाळलेलं परवडलं. आणि सुरुवातीचे तीन-चार आठवडे राहायची सोय कंपनी करेल का, हे ऑफरवर सही करायच्या आधी विचारून घ्या, सही झाल्यावर आपल्या शब्दाला तेवढं वजन राहत नाही.

कंपनीने नाही केली सोय तरी स्वतःच्या खर्चाने महिनाभर कुठेतरी तात्पुरतं राहा असंच मी म्हणेन. पीजी, सर्व्हिस अपार्टमेंट, मित्राची जास्तीची खोली, काहीही चालेल. डबल खर्च वाटतो खरा, पण न बघता वर्षाचं ऍग्रीमेंट करून पस्तावण्यापेक्षा तो बराच स्वस्त पडतो.

आता येण्याजाण्याचा वेळ. मी यावर सगळ्यात जास्त डोकं घालते. चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की वाहनं कितीही वेगवान झाली तरी माणूस दिवसाचा सरासरी साधारण एक तासच प्रवासात घालवतो, म्हणजे जायला अर्धा आणि यायला अर्धा. नियम म्हणून नका धरू, पण अंदाजाला बरा आहे. स्टुट्झर आणि फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची आकडेवारी तपासली तर असं दिसलं की ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा ते आयुष्याबद्दल कमी समाधानी होते, म्हणजे लांब राहून मिळणारं मोठं घर किंवा जास्तीचा पगार त्या प्रवासाची भरपाई करत नव्हता. आपण घर बघताना नेमकं उलटं करतो, एक खोली जास्त मिळतेय म्हटल्यावर वीस मिनिटं काय मोठी असं म्हणून मोकळे होतो.

साधा हिशोब करून बघा. एका बाजूचे ४५ मिनिट म्हणजे रोजचा दीड तास, वर्षात २२० दिवस ऑफिसला गेलात तर ३३० तास, म्हणजे आठ-आठ तासांचे जवळपास ४१ कामाचे दिवस. म्हणजे वर्षातले दोन महिने नुसते रस्त्यावर, तेही बिनपगारी.

मॅपवर बघताना आत्ता किती वेळ लागतो ते बघू नका, रात्री अकराला बेडवर पडून बघितलं तर सगळं शहर रिकामंच दिसणार. किती वाजता पोचायचंय ते टाकायचा ऑप्शन असतो, त्यात कामाच्या दिवसाची तुमची खरी वेळ टाका आणि परतीचा वेळही वेगळा बघा, संध्याकाळची गोष्ट बऱ्याचदा वेगळीच असते. जाहिरातीतल्या 'पाच मिनिटांवर स्टेशन' ला तर अजिबात भुलू नका. जपानमध्ये जाहिरातीत चालायचं अंतर सांगताना ८० मीटरला एक मिनिट असा हिशोब ठरलेला आहे, तोच लावा, म्हणजे दहा मिनिटं म्हणजे ८०० मीटर. त्यात सिग्नलला थांबणं आणि जिने धरलेले नसतात, ते तुम्ही वाढवा.

आणि सरासरीपेक्षा वाईट दिवस किती वाईट जातो ते जास्त महत्त्वाचं. एरवी ३५ मिनिटं लागतात पण आठवड्यातून एकदा ७० लागतात अशा रस्त्यावर राहिलात की करणार काय, रोज ७० धरूनच निघावं लागतं. गाडी बदलायला लागणं हे असंच एक प्रकरण, दर वीस मिनिटांनी बस असेल तर स्टॉपवर सरासरी दहा मिनिटं उभं राहावं लागतं आणि नजरेसमोर सुटली तर पूर्ण वीस. त्यामुळे सरळ जाणारी ४० मिनिटांची एकच गाडी मला १५-१५ मिनिटांच्या दोन गाड्यांपेक्षा केव्हाही बरी वाटते, निदान पुस्तक तरी वाचून होतं.

स्वतःची गाडी चालवत जाणार असाल तर एक छोटी गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. घर ऑफिसच्या पश्चिमेला असेल तर सकाळी जाताना उगवता सूर्य डोळ्यात आणि संध्याकाळी येताना मावळता सूर्य पण डोळ्यात. घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळेला पाठीशी. यावरून एरिया ठरवू नका, पण दोन जागा अगदी तोडीस तोड असतील तर हे बघा.

पैशांचं थोडक्यात. भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण हा आकडा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत सरकारी घरात राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून किती भाडं घ्यायचं याची मर्यादा १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्के होती आणि १९८१ मध्ये ती ३० झाली, तिथून हा आकडा सगळीकडे पसरला. तुम्ही भाडं अधिक महिन्याचा प्रवासखर्च अशी बेरीज करा आणि ती दोन एरियांची शेजारी शेजारी मांडा. स्वस्त एरियात राहायचं म्हणून गाडी घ्यावी लागत असेल तर तो एरिया स्वस्त नाहीच. आणि टक्केवारी काढायची ती हातात पडणाऱ्या पगारावर, ऑफर लेटरमधल्या मोठ्या आकड्यावर नाही.

एवढं झालं की लिस्टमध्ये तीनेक एरिया उरतील. आता लोकांना विचारायची वेळ. पण 'चांगला एरिया कुठला' असं विचारू नका, जो तो स्वतः राहतो तोच एरिया चांगला म्हणतो, शेवटी त्याने तिथे पैसे घातलेले असतात ना. त्यापेक्षा 'कुठे राहू नको आणि का' असं विचारा, मग बघा कशी माहिती बाहेर येते. आणि विचारायचं ते तुमच्यासारखी परिस्थिती असलेल्या माणसाला, एकट्या राहणाऱ्या पोरीने दोन मुलांच्या बापाला विचारून उपयोग नाही, आणि बॉसला तर नकोच, त्याचं बजेट वेगळं.

आता रिहर्सल. ज्या एरियात राहायचा विचार आहे तिथे कामाच्या दिवसाच्या आदल्या रात्री मुक्काम करा, हॉटेल, होमस्टे, ओळखीच्याकडे, जसं जमेल तसं. सकाळी खऱ्या वेळेला उठा, खऱ्या वेळेला निघा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा, जॉइन झाला नसलात तरी जा. संध्याकाळी गर्दीत परत या, वाटेत रोजची खरेदी असते ती करून बघा, पिशवी हातात घेऊन घरापर्यंतचा चढ चढा. मग रात्री दहाला एक चक्कर मारा. दिवे लागलेत का, मेडिकल उघडं आहे का, रस्त्यावर कोण कोण दिसतं, बायका एकट्या निवांत चालतायत की पाय उचलून भराभर जातायत. हे शेवटचं बघितलं की एरिया सेफ आहे का ते कुठल्याही रेटिंगपेक्षा लवकर कळतं.

आवाजाबद्दल मी आता थोडी वेडीच झालेय, तरी ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवलं की रस्त्यावरच्या वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या खाली हवा आणि रात्री ४५ च्या खाली. मोबाईलमधलं ऍप अगदी अचूक नसतं पण तुलनेला पुरतं, बेडरूममध्ये उभं राहून खिडकी उघडी ठेवून आणि बंद करून दोन्ही बघा. दहाने आकडा वाढला की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे ४५ आणि ५५ मधला फरक किरकोळ नाही. जवळपास विमानतळ असेल तर एका दिवसाच्या शांततेवर विश्वास ठेवू नका, वाऱ्याची दिशा बदलली की विमानांची उतरायची बाजू बदलते, आज शांत असलेली गच्ची पुढच्या आठवड्यात दणाणू शकते. आणि शेजारचा रिकामा प्लॉट, अहो तो रिकामा राहणार नाहीये. तिथे काय होणार आहे ते विचारून घ्या.

धुराचं पण तसंच. २०२१ मध्ये याच संघटनेने हवेतल्या पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक कणांची वर्षाच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, तेवढी स्वच्छ हवा मोठ्या शहरात क्वचितच मिळते, पण मेन रोडपासून दीडदोनशे मीटर आत गेलं की गाड्यांचा धूर बराच कमी होतो. म्हणजे एरिया तोच, गल्ली वेगळी.

पाणी तुंबतं का हे एजंट सांगणार नाही, भिंती सांगतात. तळमजल्याच्या भिंतीवर एका उंचीला आडवी डागाची रेघ, दुकानांना विनाकारण उंच पायऱ्या, विजेचे मीटर छातीच्या वर लावलेले, हे दिसलं की समजायचं. 'शंभर वर्षांत एकदा येणारा पूर' या शब्दांनी पण फसू नका, त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता असा असतो, ३० वर्षं राहिलात तर ती साधारण २६ टक्क्यांवर जाते. भाड्याने दोन-तीन वर्षं राहणाऱ्याला एवढी काळजी नको, पण नंतर तिथेच घर घ्यायचा विचार असेल तर ध्यानात असू द्या.

जोडीदाराची पण नोकरी असेल तर नकाशावर दोन ऑफिसच्या बरोबर मध्ये टाचणी टोचू नका, बऱ्याचदा ती जागा दोघांनाही गैरसोयीची निघते. कुणाला वेळेवर पोचणं जास्त कडक आहे, मुलाला शाळेतून कोण आणणार, त्याच्या जवळ राहा. मुलं शाळेत जाणारी असतील तर क्रमच उलटा, आधी ऍडमिशन आणि मग घर. आणि फक्त या एका नोकरीला चिकटून एरिया निवडू नका, तुमच्या फील्डमधल्या अजून दोन-तीन कंपन्यांना जिथून जाता येईल असा असला तर पुढे नोकरी बदलली तरी बिऱ्हाड हलवायला लागत नाही.

लांबूनच घर बघायची वेळ आली तर फोटोवर जाऊ नका, वाइड अँगलने कपाटाचा पण हॉल दिसतो. लाइव्ह व्हिडिओ कॉल करा आणि समोरच्याला सांगा की मेन गेटपासून घरापर्यंत कॅमेरा बंद न करता चालत या, नळ सोडून दाखवा, प्रत्येक खिडकीतून बाहेर दाखवा, आणि बेडरूममध्ये कॉल तुटला तर तिथे रेंज नाही हे पण फुकटात कळतं. घर प्रत्यक्ष बघायच्या आधी 'बुकिंग'चे पैसे मागणाऱ्याला सरळ नमस्कार करा, भाडं आजूबाजूच्या मानाने फारच कमी असेल तर दुप्पट लांबून. ऍग्रीमेंटमध्ये किती महिने सोडता येणार नाही आणि नोटीस किती द्यायची ते वाचा, कंपनीने दुसऱ्या शहरात बदली केली तर नोटीस देऊन निघता येईल अशी एक ओळ घालून मागा, बरेच मालक तयार होतात.

चौथ्या वेळी, म्हणजे आत्ता राहते तिथे, लिस्टमध्ये एक नंबरला जो एरिया होता तिथून रिहर्सलला निघाले. स्टॉप खाली दोन मिनिटांवर, बस दर दहा मिनिटांनी, कागदावर सगळं झकास. सात चाळीसची बस भरून आली आणि न थांबता गेली, पुढची पण तशीच, तिसरीत दाराला लटकून जागा मिळाली. संध्याकाळी परतताना मी घराच्या स्टॉपवर न उतरता तशीच बसून राहिले आणि बस सुटते तिथपर्यंत, म्हणजे अजून चार स्टॉप गेले. एरिया थोडा जुना, घरं जरा लहान, पण सकाळी तिथे बस रिकामी उभी असते. तिथेच घर घेतलं भाड्याने, प्रवास नऊ मिनिटांनी वाढला आणि दोन वर्षं झाली, रोज खिडकीत बसून जातेय.