गतिमान वस्तू का थांबते आणि जडत्व म्हणजे काय, हे कॅरमवर कसे तपासावे

कॅरमवर मारलेला स्ट्रायकर थोडा सरकून थांबला की त्याच्यातला जोर संपला, असे आपण सहज म्हणतो. ढकलणारे कोणी नसेल तर वस्तू थांबणारच, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची आहे. ती घरीच तपासता येते.

प्रथम बोर्ड कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावा. प्लास्टिकच्या लवचीक पट्टीचे एक टोक घट्ट दाबून धरावे आणि दुसरे टोक दरवेळी पेन्सिलीच्या त्याच खुणेपर्यंत मागे वाकवून सोडावे. बोटाने टिचकी मारू नये, कारण तिचा जोर दरवेळी बदलतो आणि मग तुलनेला अर्थच उरत नाही. आधी बोर्डावर सुती कापड ताणून अंथरावे, मग ते काढून घ्यावे आणि शेवटी बोरिक पावडर भुरभुरावी. तिन्ही वेळा स्ट्रायकर किती सरकला ते मोजावे. पट्टी इतकीच वाकवावी की पावडरीवरही तो समोरच्या चौकटीवर आपटणार नाही.

धक्का तोच असताना अंतर मात्र वाढत जाते. म्हणजे स्ट्रायकरला थांबवते ते घर्षण, आणि पावडरीचे बारीक कण तेच कमी करतात. घर्षण अजिबात नसते तर सपाट पृष्ठभागावरची गती टिकूनच राहिली असती, या निष्कर्षापर्यंत गॅलिलिओ उतरत्या फळ्यांवरील प्रयोगांतून आणि विचारांतून पोचला. न्यूटनने 1687 मध्ये त्याला गतीच्या पहिल्या नियमाचे रूप दिले. 1977 मध्ये सोडलेले व्हॉयेजर-1 हे अवकाशयान आजही सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने दूर जात आहे, ते कोणतेही इंजिन ढकलते म्हणून नव्हे.

आता पाच सोंगट्या एकावर एक रचून तळाच्या सोंगटीवर स्ट्रायकर जोरात मारावा. तळाची निसटते आणि वरच्या जवळपास जागच्या जागी खाली बसतात. वेगातील बदलाला होणारा हा विरोध म्हणजे जडत्व. पट्टी त्याच खुणेपर्यंत वाकवून एकदा सोंगटी व एकदा स्ट्रायकर उडवावा. सुमारे पाच ग्रॅमची सोंगटी पंधरा ग्रॅमच्या स्ट्रायकरपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने सुटते, कारण वस्तुमान हेच जडत्वाचे माप आहे.

मात्र वस्तुमान असा विरोध मुळात का करते, हा प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो. विश्वातील दूरच्या पदार्थाशी त्याचा संबंध असावा, असा विचार भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख याने एकोणिसाव्या शतकात मांडला आणि आइनस्टाइनवर त्याचा प्रभाव पडला, तरी त्यावर सर्वमान्य उत्तर आजही मिळालेले नाही.