टोरोंटो परिसरात पहिलं घर: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

मिसिसॉगा, ब्रॅम्पटन, मिल्टन किंवा ओकव्हिलला नवं मराठी कुटुंब आलं, नोकरी लागली, मुलं शाळेत रुळली, की पुढचा प्रश्न घराचा असतो. "भाड्यात पैसे कशाला घालवायचे?" पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला हा विचार येणारच. आईवडिलांनी फ्लॅट घेतल्यापासून त्याचे भाव चढतानाच आपण पाहिलेत. तरीही माझा सल्ला असा, की निदान पहिलं वर्ष-दीड वर्ष घर घेऊ नका. इथे घर घेणं चुकीचं आहे असं नाही. पण भारतातल्या अनुभवावरून बांधलेले अंदाज इथे चुकतात, आणि इथले नियम अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतोच.

आधी बाजाराकडे बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये टोरोंटो परिसरातल्या घरांची सरासरी किंमत १३ लाख ३० हजार डॉलरच्या वर गेली होती. तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा मूळ व्याजदर ०.२५ टक्के होता. त्या मार्चपासून दर चढू लागला आणि जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर पोहोचला. जून २०२४ पासून कपात सुरू झाली, ऑक्टोबर २०२५ पर्यंत दर २.२५ टक्क्यांवर आला. तरी भाव पूर्वीच्या जागी परतले नाहीत, २०२५ सालची सरासरी ११ लाखांच्या खालीच राहिली. सगळ्यात जास्त मार छोट्या कंडोंना (सोसायटीच्या इमारतीतल्या फ्लॅटना) बसला. ते मुळात गुंतवणूकदारांसाठी बांधलेले होते. व्याज वाढल्यावर भाड्यातून हप्ता निघेना, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातल्यावर भाडेकरूही कमी झाले.

म्हणून "आत्ता नाही घेतलं तर कधीच जमणार नाही" असं कोणी सांगितलं, तर त्याला २०२२ ची आठवण करून द्या. त्या वेळी एकाच रात्री एका घरावर दहा-पंधरा ऑफर येत आणि लोक कोणतीही अट न घालता सह्या करत. आज घेणाऱ्याला विचार करायला सवड आहे, ती वापरा.

भाड्याने राहण्याबाबत थोडक्यात. ओंटारिओत (टोरोंटो ज्यात येतं त्या प्रांतात) घरमालक शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो. त्यापलीकडे सहा महिन्यांचं भाडं किंवा भारतासारखं मोठं डिपॉझिट मागायचा त्याला अधिकार नाही. नव्याने आलेल्यांकडे ते सर्रास मागितलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो. दुसरं असं, की १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. चकचकीत नव्या इमारतीत पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेला फ्लॅट दुसऱ्या वर्षी महाग पडू शकतो.

आता कायदा. १ जानेवारी २०२३ पासून परदेशी नागरिकांना कॅनडात घर घ्यायला बंदी आहे आणि तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेली आहे. पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) असेल तर ही बंदी तुम्हाला लागू नाही. वर्क परमिट असेल आणि त्याचे किमान १८३ दिवस शिल्लक असतील, तर एक घर घेता येतं. इथेच बरेच जण फसतात. केंद्राची बंदी नाही म्हणजे प्रांताचा करही नाही, असं ते गृहीत धरतात. ओंटारिओचा परदेशी खरेदीदारांवरचा २५ टक्के कर वर्क परमिटवाल्यांनाही लागतो, काही मोजके अपवाद सोडून. ९ लाखांच्या घरावर तो सव्वादोन लाख डॉलर होतो. चार वर्षांत पीआर मिळाली आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर तो परत मागता येतो, पण आधी भरावा लागतोच. पीआर यायची असेल तर ती हातात येईपर्यंत थांबणं हाच शहाणपणा आहे.

पैशाचा हिशोब ९ लाखांच्या टाउनहाऊसवरच करू. किमान डाउन पेमेंट म्हणजे पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के आणि वरच्या ४ लाखांवर १० टक्के, एकूण ६५,००० डॉलर. डाउन पेमेंट २० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने कर्जाचा विमा काढावा लागतो. या उदाहरणात तो कर्जाच्या ४ टक्के, म्हणजे ३३,४०० डॉलर. तो कर्जात मिळवला जातो, पण त्यावरचा ८ टक्के प्रांतिक कर, सुमारे २,७०० डॉलर, रोख भरायचा असतो. आपल्याकडच्या स्टॅम्प ड्युटीच्या जागी इथे लँड ट्रान्सफर टॅक्स आहे, या घरावर १४,४७५ डॉलर. घर टोरोंटो शहराच्या हद्दीत असेल तर शहराचा तेवढाच कर वेगळा. मिसिसॉगात किंवा मिल्टनमध्ये तो नाही. वकील, इन्स्पेक्शन आणि सामान हलवण्याचा खर्च याच्या वर.

पहिलं घर घेणाऱ्याला लँड ट्रान्सफर टॅक्समध्ये प्रांताकडून ४,००० डॉलरपर्यंत आणि टोरोंटोकडून ४,४७५ डॉलरपर्यंत सूट मिळते. पण प्रांताच्या नियमात "पहिलं" म्हणजे जगात कुठेही पहिलं. पिंपळे सौदागरचा फ्लॅट, वडिलांनी ठाण्याच्या घरात जोडलेलं नाव, गावच्या घरात वारसाने आलेला हिस्सा, हे सगळं मोजलं जातं. असं काही असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. खोटं प्रतिज्ञापत्र करून ४,००० डॉलर वाचवण्याच्या फंदात पडू नका.

बचतीसाठी आल्या आल्या एक काम करा. पात्र असाल तर एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं करसवलतीचं बचत खातं) उघडा. एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे. वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर भरता येतात. भरताना करात वजावट मिळते आणि घरासाठी काढताना कर लागत नाही. खातं उघडल्यापासूनच मर्यादा मोजायला सुरुवात होते, म्हणून पैसे कमी असले तरी खातं लवकर उघडलेलं बरं. मात्र स्वतःच्या मालकीच्या घरात चालू वर्षात किंवा आधीच्या चार वर्षांत राहत असाल, तर थांबावं लागतं, हे बँकेत विचारून घ्या. आरआरएसपी या निवृत्तीच्या बचत खात्यातून घरासाठी ६०,००० डॉलरपर्यंत काढता येतात, पण त्यात भरायची मर्यादा आदल्या वर्षीच्या इथल्या कमाईवर ठरते, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याचा उपयोग नाही.

भारतातून पैसे आणायचे असतील तर घर बघायला लागण्याच्या बरेच महिने आधी तयारी करा. तिथला फ्लॅट अनिवासी म्हणून विकलात, तर घेणारा टीडीएस कापतो, आणि तो कमी करून घ्यायचा दाखला मिळवायला वेळ जातो. एनआरओ खात्यातून (अनिवासींच्या भारतातल्या पैशांचं खातं) वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या दाखल्यासह. आईवडील भेट म्हणून पाठवणार असतील तर प्रत्येकाला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ प्राप्तिकर) आधी कापला जातो. तो त्यांच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. इथली बँक शेवटच्या ९० दिवसांचे व्यवहार आणि भेटीचं पत्र मागते. ऑफर स्वीकारली गेली की २४ तासांत साधारण ५ टक्के डिपॉझिट द्यावं लागतं, तेव्हा "पैसे वाटेत आहेत" हे उत्तर चालत नाही.

सगळ्यात जास्त समजून घ्यायची गोष्ट म्हणजे मॉर्गेज, अर्थात गृहकर्ज. भारतात वीस वर्षांचं कर्ज घेतलं की बँक तीच राहते आणि दर वर-खाली झाला तर बहुतेक वेळा मुदत लांबते. इथे कर्जाची फेड २५ वर्षांची धरली, तरी करार बहुधा पाच वर्षांचाच असतो. पाच वर्षांनी उरलेल्या रकमेवर त्या दिवशीच्या दराने नवा करार होतो. २०२१ मध्ये दोन टक्क्यांच्या आत कर्ज घेतलेल्या कुटुंबांना नूतनीकरणाच्या वेळी महिन्याचा हप्ता कित्येकशे डॉलरने वाढलेला दिसला. आपल्या उदाहरणातलं ८,६८,४०० डॉलरचं कर्ज साडेचार टक्क्यांनी २५ वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे ४,८०० डॉलर बसतात. बँक मात्र तुमची ऐपत दोन टक्के जास्त दर धरून, म्हणजे साडेसहा टक्क्यांवर तपासते. तुम्हीही घरी तोच हिशोब करा. त्या दराने हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, हीटिंग, विमा आणि मुलांचं डेकेअर भागत असेल, आणि तेही दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली असं धरून, तरच पुढे जा. गाडीचा विमाही पिन कोडवर ठरतो. ब्रॅम्पटनमध्ये तो मिसिसॉगा किंवा मिल्टनपेक्षा बराच महाग पडतो, आणि दोन गाड्या असतील तर घराच्या किमतीतला काही फरक त्यात विरघळतो.

रिअल्टर बहुतेकदा ओळखीतलाच मिळतो, गणेशोत्सवात भेटलेला, कुणाचा तरी भाऊजी. त्यात गैर काही नाही, मराठीत मोकळेपणाने विचारता येतं हा मोठा आधार आहे. पण १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याने रेकोची (ओंटारिओतल्या रिअल इस्टेट एजंटांच्या नियामक संस्थेची) माहितीपुस्तिका समजावून द्यायची असते, आणि तुमच्याशी लेखी करार व्हायचा असतो. तो करार वाचा. त्यात अडीच टक्के कमिशन लिहिलं असेल आणि विकणारा दोनच देत असेल, तर उरलेलं अर्धा टक्का तुमच्या खिशातून जाऊ शकतं. कराराची मुदतही कमी ठेवा. तोच माणूस विकणाऱ्याचाही एजंट असेल, तर तुमच्या बाजूने भाव पाडायला कोणी उरत नाही, तेव्हा दुसरा शोधा.

ऑफरमध्ये कर्जमंजुरीची आणि इन्स्पेक्शनची अट सोडू नका. जुन्या घराच्या खरेदीत ओंटारिओत मन बदलायला एक दिवसही मिळत नाही. अट नसलेली ऑफर स्वीकारली गेली की तुम्ही बांधले गेलात. कर्ज नाही मिळालं तर डिपॉझिट जातं, आणि घर पुढे कमी भावात विकलं गेलं तर त्या फरकासाठी दावाही होऊ शकतो. कंडो असेल तर स्टेटस सर्टिफिकेट वकिलाकडून वाचून घ्यायची तिसरी अट घाला. सोसायटीचा राखीव निधी किती, खटले चालू आहेत का, मोठी वर्गणी येऊ घातली आहे का, हे त्यातून कळतं. त्याची फी १०० डॉलर आहे. मेंटेनन्स कमी दिसला म्हणून खूश होण्याआधी हा कागद बघा.

बांधकाम सुरू नसलेल्या प्रकल्पात नवा कंडो घ्यायचा मोह आपल्याला जास्त होतो, कारण भारतात तेच केलेलं असतं. इथे अशा खरेदीत सही केल्यावर दहा दिवसांत मागे फिरता येतं, आणि ते दिवस वकिलाकडे घालवा. खरी अडचण चार-पाच वर्षांनी येते. ताब्याच्या वेळी बँक त्या दिवसाच्या किमतीवर कर्ज देते. २०२१-२२ च्या भावात नोंदणी केलेल्या कित्येकांना तो फरक रोख उभा करावा लागला. पहिल्या घरासाठी हा मार्ग मी कोणालाच सुचवत नाही.

बेसमेंटच्या भाड्यावर हप्ता बेतणार असाल तर एकच प्रश्न विचारा: हे युनिट पालिकेत नोंदलेलं आहे का? वेगळा दरवाजा आणि स्वयंपाकघर असणं पुरेसं नाही. बाहेर पडता येईल अशी खिडकी, छताची उंची आणि अग्निसुरक्षा यांची तपासणी लागते. त्यात भाडेकरू आधीच राहत असेल आणि तुम्हाला स्वतःला तिथे राहायचं असेल, तर ६० दिवसांची नोटीस आणि एक महिन्याच्या भाड्याची भरपाई लागते. तो गेला नाही तर प्रकरण लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे (भाड्याचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) जातं आणि महिनोनमहिने रेंगाळतं. ऑफरमध्ये रिकामा ताबा मागा, आणि क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होऊन ताबा मिळण्याच्या) आधी पुन्हा एकदा घर बघून या.

घर विकून मोठं घ्यायचं असेल तर सध्याच्या मंद बाजारात आधी विका, मग घ्या. दोन हप्ते एकदम अंगावर घेण्याची ही वेळ नाही. घर घेतल्यापासून ३६५ दिवसांच्या आत विकलं तर, काही अपवाद वगळता, नफा धंद्याचं उत्पन्न धरला जातो आणि राहत्या घराची करसवलत मिळत नाही. फिक्स्ड दराचं मॉर्गेज मुदतीआधी मोडलं तर दंड तीन महिन्यांच्या व्याजावर थांबेलच असं नाही, दरांतल्या फरकावरून तो कित्येक हजारांवर जाऊ शकतो. म्हणून विकायची पाटी लावण्यापूर्वी बँकेकडून दंडाचा आकडा लेखी मागून घ्या, आणि तेच कर्ज नव्या घरावर नेता येईल का तेही त्याच वेळी विचारा.